गिअरचा दांडा : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीत घेतलेल्या गेमिंग स्टिअरिंगसोबत आलेला गिअरचा दांडा आज परत खोक्यात भरला. तसा तो वाईट नाही. सहा गिअर पडतात, रिव्हर्स पडतो, स्क्रीनवरचा आकडा बदलतो. पण हाताला गिझरचा स्विच मारल्यासारखं वाटतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात घाला नाहीतर पाचव्यातून चौथ्यात, सगळीकडे तीच टिकटिक. गाडी ऐंशीने पळत असताना पहिला टाकला तरी दांडा निमूट आत जातो. खरी गाडी असं करू देईल का?

म्हणून स्वतःच बनवायचं ठरवलं. मी नाशिकच्या अंबडला एका टूलरूममध्ये व्हीएमसीवर (संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं मशीन) प्रोग्रॅमिंग करते. शनिवारी सुट्टी. मालकांनी भंगार प्लेटा आणि रिकाम्या मशीनचा वेळ वापरायला हरकत घेतली नाही, फक्त नंतर मशीन स्वतः पुसायचं. बजेट पंधरा हजार.

नमुना म्हणून डोळ्यासमोर माझदाची एमएक्स-५. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो, पण तीच माझदा १९८९ पासून ही दोन सिटांची, उघड्या टपाची गाडी बनवते आणि तिच्या गिअरचं कौतुक जगभर चालतं. मी ती चालवलेली नाही, नाशकात पाहिलीही नाही. न चाखलेल्या पदार्थाची कृती लिहायला घेतल्यासारखं आहे हे. असो.

१० नोव्हेंबर

द्वारका चौकाजवळ मामाच्या गॅरेजवर. त्याच्याकडे मारुती जिप्सीची एक पाच गिअरची पेटी भंगारात जायची होती, ती मागून घेतली. "घेऊन जा, पण इथेच खोल. घरी नेलीस तर ताई मला ओरडेल." ताई म्हणजे माझी आई.

संध्याकाळपर्यंत पेटी कापडावर पसरली होती. इतकी वर्षं गाडी चालवूनही मला वाटायचं की गिअर टाकणं म्हणजे एक दातेरी चाक सरकवून दुसऱ्यात घुसवायचं. तसं काहीच नाही. पुढे जायच्या सगळ्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. फक्त मुख्य शाफ्टवरची चाकं मोकळी फिरतात, शाफ्टशी त्यांचं देणंघेणं नसतं. दांडा सरकवला की फोर्क (दुबोटी काटा) एका कड्याला, म्हणजे स्लीव्हला, ढकलतो आणि ती स्लीव्ह त्यातल्या एका चाकाला शाफ्टशी कुलूप लावते. आपण चाक बदलत नाही, कुलूप बदलतो. रिव्हर्सला मात्र बऱ्याच पेट्यांत अजून खरंच सरळ दातांचं चाक सरकतं, म्हणून गाडी मागे घेताना ती घूं करून रडते.

गंमत आहे ती कुलपाच्या आधी. स्लीव्ह आणि चाक वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना कुलूप लावायला गेलं तर दात घासून निघतील. मध्ये एक पितळी रिंग असते. मामाने ती माझ्या हातात दिली, चाकाच्या शंकूवर दाबून फिरवायला सांगितली. फिरेना. नुसत्या बोटांच्या जोराने चिकटली. रिंगच्या आतल्या बाजूला दोऱ्यासारखे बारीक आटे असतात, ते शंकूवरचा तेलाचा थर कापतात आणि मग पितळ लोखंडाला धरतं. धरलं की चाकाचा वेग स्लीव्हच्या वेगाला येतो.

आणि तोवर स्लीव्ह पुढे का जात नाही? कारण वेग जुळेपर्यंत ती रिंग अर्ध्या दाताएवढी फिरून वाट अडवून उभी राहते. दारावरचा राखणदारच. वेग जुळला की तिच्यावरचा पीळ संपतो, ती बाजूला होते, स्लीव्ह आत जाते. हे सगळं सेकंदाच्या लहानशा भागात. हातात जो क्षणभराचा अडसर लागतो आणि मग दांडा आत ओढल्यासारखा जातो, तो हा राखणदार.

कॅडिलॅकने १९२८ मध्ये हे गाड्यांत आणलं, याला सिंक्रो म्हणतात. त्याआधी आणि ट्रकांत त्यानंतरही बराच काळ, ड्रायव्हरला स्वतःच वेग जुळवावा लागायचा: क्लच दाब, न्यूट्रल, क्लच सोड, ॲक्सिलरेटरला टिचकी, पुन्हा क्लच, मग गिअर. मामा याला डबल क्लच म्हणतो आणि आजही सवयीने मारतो, स्वतःच्या नव्या गाडीतसुद्धा.

निघताना त्याची गाडी मीच रस्त्यावर काढली. सिग्नलला उजवं बोट स्टिअरिंगवर, डावा हात दांड्यावर. लगेच आवाज चढला. "हात काढ! तो हात ठेवायचा बाक नाहीये." दांड्यावर हाताचा भार राहिला की आत फोर्क फिरत्या स्लीव्हवर घासत राहतो आणि झिजतो. म्हणे रॅलीच्या जिप्सींच्या पेट्या उघडायचो तेव्हा फोर्क बघून सांगायचो, कोणता ड्रायव्हर आळशी.

१६ नोव्हेंबर

आज मशीनला हात नाही, नुसतं वाचन आणि वही.

दांड्याची भावना आधी ठरते ती पेटी कुठे बसवली आहे त्यावरून. एमएक्स-५ मध्ये इंजिन पुढे, उभं, त्याच्या मागे पेटी आणि पेटीच्या डोक्यावर जवळजवळ थेट दांडा. जिप्सीतही मांडणी तीच, हे लक्षात आल्यावर मला भंगाराबद्दल एकदम आदर वाटला. इंजिन आडवं असलं (आपल्या बहुतेक हॅचबॅक, तिकडे सिव्हिक टाइप आर) किंवा मागे असलं (पोर्शे ९११), की दांडा आणि पेटी यांच्यात लांब केबली येतात. केबल म्हणजे ताण, घर्षण, बुश. तरी टाइप आरचा दांडा उत्तम म्हणून नावाजला जातो, म्हणजे केबल हा काही शाप नाही. लोटसने एक्सीजमध्ये २०१५-१६ च्या सुमाराला दांड्याखालची सगळी जोडणी उघडी ठेवली, झाकणच नाही. बघत राहावं असं ते दृश्य. बहुधा त्यासाठीच ठेवली असणार.

दांड्याचा पल्ला. माझदाने आपल्या स्कायॲक्टिव्ह पेटीसाठी तो ५० वरून ४५ मिलिमीटरवर आणला. सोपा मार्ग म्हणजे दांड्याचा टेकू वर घ्यायचा: पल्ला कमी होतो पण हाताला जोर जास्त लागतो. बाजारात मिळणारी शॉर्ट शिफ्टर किट हेच करतात. माझदाने आतले कुलपाचे दातच बारीक केले, म्हणजे स्लीव्हलाच कमी सरकावं लागतं. जोर न वाढवता पल्ला कमी. हे वाचून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले. असं काही दिसलं की टूलरूममध्ये असल्याचं बरं वाटतं.

आता मूळ प्रश्न: हे करतंय कोण, आणि का? दोन क्लचच्या स्वयंचलित पेट्या माणसापेक्षा वेगवान आहेत, हा वाद केव्हाच संपला. २०१७ ची ९११ जीटी३ पीडीके (पोर्शेची दोन क्लचची) पेटीने शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत जाते, हाताच्या गिअरने ३.९. अर्धा सेकंद म्हणजे रेसमध्ये युग. याच जीटी३ चं २०१३ चं मॉडेल पोर्शेने फक्त पीडीकेसह आणलं होतं. गिऱ्हाइकं कुरकुरली. २०१६ मध्ये हाताच्या सहा गिअरांची ९११ आर काढली, मोजून ९९१, आणि तिच्या जुन्या बाजारातल्या किमती अशा उडाल्या की पुढच्याच वर्षी जीटी३ ला मॅन्युअल परत आलं. लोकांनी अर्धा सेकंद गमावण्यासाठी रांग लावली.

म्हणजे आता कामापुरती गरज उरलेली नाही. हातात काय लागतं तेच विकायचं आहे, तर ते मुद्दाम घडवावं लागणार. मग मलाही घडवता आलं पाहिजे.

२३ नोव्हेंबर

मोजमाप. सामानाची बॅग तोलायचा हुक असलेला डिजिटल काटा घेतला (३४० रुपये) आणि माझ्या हॅचबॅकच्या दांड्याला सुतळीने बांधला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून मी दांडा ओढतेय आणि आकडे पुटपुटतेय. वॉचमनकाका दोनदा येऊन गेले.

न्यूट्रलमधून दुसऱ्यात: आधी २.१ किलो, मध्ये एकदम ३.४, मग शून्याच्या जवळ, म्हणजे दांडा स्वतःच आत पडतो. बाजूला, पहिल्या-दुसऱ्याच्या ओळीकडे नेताना १.३. पल्ला मुठीपाशी ६८ मिलिमीटर. चालू गाडीत आकडे वेगळे येणार, पण आकार हाच राहील: चढ, टेकडी, उतार. तीन किलोच्या आसपास सगळा खेळ आहे. एवढ्याशा जोरात माणसाचा हात किती बारीक फरक ओळखतो याचं आश्चर्य वाटतं. सरफेस ग्राइंडरवरचे जुने कारागीर बोटाने दहा मायक्रॉनची पायरी ओळखतात, तसंच काहीतरी.

७ डिसेंबर

पहिली जोडणी. गेटची (दांडा ज्या खाचांतून फिरतो ती) प्लेट १० मिमी माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद, रॉड एंड बेअरिंगवर (सगळीकडे वळणाऱ्या सांध्यावर) दांडा, मागे स्प्रिंग आणि गोळी. पेटीत शिफ्टच्या दांडीवर खाच असते आणि गोळी त्यात बसते, तसंच. दोनशे वेळा गिअर टाकले. पहिल्या पन्नासात मजा. शंभरपर्यंत गोळीने खाचेच्या कडेला चर पाडला. दोनशेला दांडा लापशीतल्या पळीसारखा.

माइल्ड स्टील घ्यायला नको होतं, हे कुठल्याही शिकाऊ पोराने सांगितलं असतं. घाई.

२१ डिसेंबर

नवी खाच ईएन-३१ मध्ये (कडक करता येणारं पोलाद), वायरकटवर (तारेच्या ठिणग्यांनी कापणारं मशीन) कापून हार्डनिंगला सातपूरला दिली. कडकपणा ५८ एचआरसी. गोळीऐवजी हातावर बसवलेलं छोटं बेअरिंग घेतलं, ते घासत नाही, लोळतं. आता खाच म्हणजे खरं तर कॅम आहे: तीन दऱ्या, मध्ये दोन टेकड्या. टेकडीची उंची आणि उतार बदलला की हाताची भावना बदलते. तीन वेगवेगळे कॅम कापले. नावं ठेवली: सौम्य, तिखट, जाळ. मिसळीच्या रश्श्यावरून.

५ जानेवारी २०२५

निफाडला मावशीकडे मुक्काम होता. पहाटे साडेसहाला निघालो. थंडी अशी की बागाईतदारांनी द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या आणि माझ्या गाडीचा दुसरा गिअर पहिले दोन किलोमीटर जाईना. जायचा, पण जाड वाटायचं, खिरीतून चमचा फिरवल्यासारखं. ओझर येईपर्यंत सुरळीत.

घरी येऊन मामाला फोन. पेटीतलं तेल गारठलं की घट्ट होतं. चाकं त्या तेलात फिरायची तर रिंगला जास्त जोर लावून वेग जुळवावा लागतो, शिवाय घट्ट थर कापायला पितळेला वेळ लागतो. तिखट गाड्यांच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही, पण दुनियेतली प्रत्येक सिंक्रोवाली पेटी सकाळी जरा झोपेतच असते. मामाने जाता जाता आणखी एक: तेल बदलताना जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा) लिहिलेलं असेल तिथे जीएल-५ ओतू नको. त्यातली गंधकाची भेसळ (त्याचा शब्द, ती खरं तर दातांच्या रक्षणासाठीच घातलेली असते) पितळी रिंगला खाते.

कल्पना: प्रोग्रॅममध्ये 'निफाड मोड'. पहिली पाच मिनिटं दुसरा गिअर जड. बघू.

११ जानेवारी

आजची नोंद लांब, कारण काम जमलं.

आतापर्यंत माझ्या दांड्यात एकच टेकडी होती. पण खऱ्या पेटीत दोन धक्के लागतात. पहिला राखणदाराचा. तो बाजूला झाल्यावर स्लीव्ह पुढे जाते आणि तिचे दात चाकाच्या दातांशी समोरासमोर येतात. नेमके फटीत आले तर सरळ आत, नाहीतर टोकदार चॅम्फरवरून, म्हणजे दाताच्या उतरत्या कडेवरून, घसरून बसतात. तो दुसरा, बारीक. म्हणून एकच गिअर एकदा लोण्यासारखा जातो आणि पुढच्या सिग्नलला किंचित टोचतो. दात कुठे थांबले होते याचा तो निव्वळ योगायोग. आत बसल्यावर स्लीव्ह परत का निसटत नाही, तर दात मुळाकडे किंचित निमुळते असतात, त्यामुळे जोर आला की स्लीव्ह बाहेर पडायच्या ऐवजी आत खेचली जाते. जिप्सीच्या झिजलेल्या स्लीव्हवर हे निमुळतेपण जवळजवळ गेलेलं आहे, नखाने कळतं.

कॅमवर मोठ्या टेकडीच्या पुढे ०.३ मिमीची दुसरी टेकडी घेतली. ०.३. कागदावर हसू येईल इतकी. बसवून पाहिलं आणि पहिल्यांदा वाटलं की दांड्याच्या पलीकडे काहीतरी आहे. यंत्र नाही, पण कुणीतरी. टूलरूममधल्या दोघांना हातात दिला. एकाने सांगितलं, "मॅडम, हा गिअर पडला असं वाटतंय." त्याला मी काय बदललं ते सांगितलेलं नव्हतं.

बाजूच्या स्प्रिंगांचाही निकाल लावला. न्यूट्रलमध्ये दांडा नेहमी तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत येऊन उभा राहतो, त्यामुळे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाताने नुसतं पुढे ढकलायचं, बाजूला नेणं स्प्रिंगने करायचं. मूठ घट्ट धरून आपण वळण घ्यायला गेलो की चुकतो. आणि चूक महागात पडते. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात डावीकडे ढकलला गेला तर दांडा दुसऱ्यात पडतो. एमएक्स-५ ची गुणोत्तरं घेऊन गणित केलं: दुसरा २.९९१, तिसरा २.०३५. तिसऱ्यात मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर असताना दुसरा पडला आणि क्लच सोडला तर इंजिन ११,००० च्या वर फिरणार. गाडीचा लिमिटर इंधन तोडतो, पण इथे इंधनाने नाही, चाकांनी इंजिनाला फरफटवलेलं असतं, त्याला कोण अडवणार? अकरा हजार झेपणारं इंजिन म्हणजे गाड्यांचे रचनाकार गॉर्डन मरे यांच्या टी.५० चं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं), ते १२,१०० पर्यंत जातं. त्या गाडीलाही सहा गिअर आणि तीन पेडल आहेत, हे मुद्दाम लिहून ठेवते.

बाजूची स्प्रिंग १.३ वरून १.८ किलोवर नेली.

१९ जानेवारी

क्लच पेडल. विकतच्या पेडलमध्ये साधी स्प्रिंग असते: जितकं दाबाल तितकं जड. खरा क्लच तसा नसतो. प्रेशरप्लेटमध्ये पाकळ्यांची ताटलीसारखी स्प्रिंग असते. तेलाच्या डब्याचं बूड अंगठ्याने दाबलं की आधी विरोध करतं आणि मग टक्कन आत जातं, तसा तिचा स्वभाव. पेडल आधी जड होत जातं, मग माथा येतो आणि खाली शेवटपर्यंत हलकं. म्हणून ट्रॅफिकमध्ये पाय पूर्ण दाबून ठेवणं त्यामानाने सोपं आणि हाफ क्लचवर ठेवणं त्रासाचं. प्लेट झिजली की ताटलीचा कोन बदलतो आणि पेडल जड व्हायला लागतं. मामा गाडी न उघडता पायाने हे ओळखतो.

दोन पट्ट्या आणि एका ओढ-स्प्रिंगची जोडणी केली, ती मध्य ओलांडली की उलट मदत करायला लागते. माथा ११ किलो, तळाला साडेआठ. पहिल्याच दिवशी जमलं. सगळं असं जमलं असतं तर ही वही दोन पानांची झाली असती.

२६ जानेवारी

आज खरी गाडी.

दिंडोरीकडच्या एका बागाईतदाराचा मुलगा माझा शाळेतला मित्र. त्याच्याकडे एक जर्मन दोन-दारी आहे: सहा सिलिंडर, मागच्या चाकांना ताकद, हाताचे सहा गिअर. नाव लिहू नकोस असं त्याने बजावलंय, नाशकात ती एकटीच आहे म्हणे. झेंडावंदन उरकून पेठ रोडने सावळ घाट.

पहिला निष्कर्ष निराशेचा. उभ्या गाडीत दांडा माझ्या अपेक्षेपेक्षा रबरी. पल्ला लांब. माझा कॅम याहून खणखणीत आहे असं वाटलं आणि मनात जरा फुशारकीही आली.

मग घाट लागला. तिसऱ्यात पाच हजारांवर इंजिन ओढत असताना दांड्याच्या मुठीत थरथर येते, ॲक्सिलरेटर सोडला की दांडा स्वतः किंचित मागे झुकतो, परत दाबला की पुढे. इंजिन आणि पेटी आपल्या रबरी टेकूंवर हलतात आणि मूठ ते तळहातात आणून देते. पार्किंगमध्ये जो रबरीपणा वाटत होता त्याचा मोठा भाग हाच होता. माझा दांडा खणखणीत आहे पण मुका आहे.

खाली उतरताना वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात. गाडी हे काम स्वतः करते: दांडा दुसऱ्याच्या दिशेने सरकला की सेन्सरला कळतं, क्लच दाबलेला असतानाच संगणक इंजिनाच्या फेऱ्या वाढवतो, क्लच सोडला की हिसका नाही. निस्सानने २००९ च्या ३७०झेडमध्ये हे पहिल्यांदा दिलं, आता बऱ्याच गाड्यांत असतं. वेग जुळवायचं काम दोन ठिकाणी असतं हे तेव्हा डोक्यात बसलं. पितळी रिंग पेटीच्या आतल्या चाकाचा वेग जुळवते. इंजिनाचा वेग मात्र क्लच तरी घासून जुळवतो, नाहीतर आपला उजवा पाय. एमएक्स-५ चीच गुणोत्तरं धरली तर तिसऱ्यात ४,००० असताना दुसऱ्यासाठी साधारण ५,९०० लागतात, मधल्या एकोणीसशे फेऱ्या कुणीतरी द्यायच्या.

मित्राने मेनूत जाऊन मदत बंद केली. "आता कर." उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, त्याचीच बाहेरची कड ॲक्सिलरेटरला. माझ्या हॅचबॅकमध्ये दोन पेडलांची उंची इतकी वेगळी आहे की हे करायला पाय मोडून घ्यावा लागेल. इथे पेडलं त्यासाठीच शेजारी आणि एका पातळीत बसवलेली. पहिल्या चार वेळा गाडीने मान झटकली. पाचव्यांदा टिचकी बरोबर पडली, दांडा दुसऱ्यात गेला आणि क्लच सोडला तेव्हा काही हिसका नाही, काही नाही. मित्र म्हणाला, "झालं." मी काहीच बोलले नाही, पुढच्या वळणाची वाट पाहत होते.

टपरीवर चहा. त्याच्या वडिलांचा फोन आला, माल तोडणीला मजूर आले आहेत, गाडी परत आण.

१ फेब्रुवारी

बदल. (एक) मूठ स्टीलची लेथवर काढली, २८० ग्रॅम. जड मुठीचा वेगच बारीक टेकडी पार करतो, हाताला कमी लागतं. (दोन) संपूर्ण जोडणी चार रबरी बुशांवर. खणखणीतपणा मुद्दाम घालवला, यावर दोन दिवस स्वतःशी भांडले. (तीन) मुठीत मोबाइलची थरथर मोटर, गेममधल्या फेऱ्यांशी जोडलेली.

८ फेब्रुवारी

खरा राखणदार. दांड्यात लोडसेल (जोर मोजणारा सेन्सर) बसवला आणि कॅमच्या आड दाराच्या इलेक्ट्रिक कुलपाचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने खीळ सरकवणारं गुंडाळं. गेममधून फेऱ्या आणि वेग आर्डुइनोकडे (छोटा संगणक-बोर्ड) येतात. फेऱ्या जुळलेल्या नसतील तर सोलेनॉइडची खीळ वाट अडवते, फरक जितका मोठा तितका जास्त वेळ. फेऱ्या जुळल्या की ती आधीच मागे घेतलेली असते. ऐंशीच्या वेगात पहिला आता पडत नाही. तीन महिन्यांपूर्वीची तक्रार मिटली.

हा सगळा देखावाच आहे, मान्य. पण स्वीडनच्या कोएनिगसेगने २०२२ मध्ये सीसी८५० दाखवली. तिची आतली पेटी नऊ गिअरांची आणि अनेक क्लचची, पण ड्रायव्हरसमोर उघड्या गेटमधला दांडा आणि क्लच पेडल. दोन्हींचा पेटीशी संबंध विजेच्या तारांनी, हातापायाला लागणारा विरोध घडवलेला. त्यांनी कोट्यवधींच्या गाडीत केलं, मी पाथर्डी फाट्यावरच्या गॅलरीत. ह्युंदाईच्या विजेवरच्या आयोनिक ५ एन मध्ये तर बदलायला गिअरच नाहीत आणि ती गिअर बदलल्याचे झटके देते. त्यापुढे माझी लबाडी साधीच म्हणायची.

१५ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या काकू. "रात्री अकराला खट्ट खट्ट काय चालतं गं तुमच्याकडे? सुपारी फोडता का?" सोलेनॉइडखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा. आवाज निम्म्यावर. निफाड मोड तूर्त रद्द, त्यात खीळ जास्त आपटते.

खर्च आजवर १७,२००. बजेटचा विषय संपला.

१ मार्च

मामा जेवायला आला होता. जेवण झाल्यावर गॅलरीत नेऊन बसवला. स्क्रीनकडे त्याने पाहिलंच नाही. डोळे मिटून दांडा सगळ्या गिअरांतून दोनदा फिरवला, मग एकदा अगदी हळू दुसऱ्यात. "दुसऱ्याची रिंग नवी घातलीस का?" मी कॅम दाखवला. त्याने ०.३ च्या टेकडीवरून नख फिरवलं आणि नुसता हुंकार दिला.

गेम सुरू केल्यावर तो डबल क्लच मारत खाली उतरला. खीळ एकदाही अडली नाही. मी आठवडाभर सराव करून दहातल्या तीनदा तरी अडकते.

मग गप्पा. मे महिन्यातल्या लग्नाच्या, आईच्या गुडघ्याच्या, गॅरेजच्या भाड्याच्या. तो गेल्यावर लोडसेलच्या नोंदी उतरवून घेतल्या. शेवटी ३६० ग्रॅमची सपाट रेघ, अकरा मिनिटं. गप्पा मारताना मामाचा हात दांड्यावर होता.

उरलेलं: रिव्हर्सची उचलायची रिंग, मुठीवर गिअरांची नक्षी, मॅटचा दुसरा तुकडा.